दिवसाचा एकच बाण

शेडच्या दाराशी, एका उलट्या क्रेटवर बसून मॅरेन धनुष्याच्या दोरीला मेण चोळत होती. आतल्या अंगाला, कामाच्या बाकाशी, तिचा बाप आर्डेल रायफलच्या नळीतून तेलाची चिंधी ओढत होता. नळी केव्हाच स्वच्छ झाली होती. बंदुकीचे दिवस, म्हणजे बंदुकीने हरणे मारायची परवानगी असलेला मोसम, उजाडायला अजून नऊ आठवडे होते. नोव्हेंबरच्या आधी त्या रायफलला हात लावायचे काही कारण नव्हते. हे मॅरेनलाही ठाऊक होते, आणि तरीही ती काही विचारत नव्हती. विचारले असते तर बरे झाले असते, असे आर्डेलला वाटत होते.

मेणाचा खडा दोरीवरून सरकताना बारीक, कोरडा आवाज येत होता. धनुष्य तिच्या मांडीवर आडवे पडले होते: दोरी उतरवलेले, जवळजवळ सरळ, एखाद्या गुळगुळीत काठीसारखे निरुपद्रवी. आर्डेलची नजर पुन्हा पुन्हा त्या काठीच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जायची आणि चटका बसल्यासारखी मागे यायची. त्याला तिथे काहीच दिसत नव्हते. काल संध्याकाळीही दिसले नव्हते.

उद्या शनिवार. पहाटेपासून बाणाचा मोसम सुरू होणार होता, आणि मॅरेन हे धनुष्य घेऊन कड्यावरच्या ओकच्या मचाणावर चढणार होती.

काल घडले ते इतके क्षुल्लक होते की ते घडले असे म्हणायलाही आर्डेल सकाळपर्यंत तयार नव्हता. मॅरेन रोज संध्याकाळी पाच वाजता एकच बाण मारत असे. उन्हाळ्यात ती दिवसाला पन्नास-साठ मारायची. ऑगस्ट सरला तशी दहावर आली, आणि मोसमाआधीचे शेवटचे दहा दिवस फक्त एक. रानात हरीण दुसरी संधी देत नाही, तेव्हा शरीरालाही दुसऱ्या बाणाची सवय नको, असे तिचे म्हणणे. काल तो एक बाण मारून ती शेडमध्ये आली आणि तेवढ्यात घरातला फोन वाजला. चीज फॅक्टरीच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. कामाची पाळी बदलण्याविषयी काहीतरी होते. दोरी चढवलेले धनुष्य खुंटीला टांगून ती आत गेली.

आर्डेलने ते नुसते बघायला म्हणून काढले. मग दोरी ओढून पाहिली. हनुवटीपर्यंत आली. खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आपल्या अंगात इतके बळ शिल्लक आहे असे त्याला जाणवले, आणि त्या आनंदात त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या हरणावर नेम धरला, अर्धा श्वास सोडला, आणि बोटे उघडली.

चाळीस वर्षे तो हेच करत आला होता. थंडी सुरू झाली की जेवणानंतर रिकामी रायफल खांद्याला लावायची, स्वयंपाकघरातल्या घड्याळाच्या काट्यावर नेम धरायचा आणि हलकेच घोडा दाबायचा. टक्. पुन्हा टक्. बोटाने घाई करू नये, नळी हलू नये, यासाठीची ही तालीम त्याला त्याच्या बापाने शिकवली होती आणि त्याने मॅरेनला. रिकाम्या बंदुकीने कोणाचे काही बिघडत नाही. मग रिकाम्या धनुष्यानेही बिघडणार नाही, हे त्याच्या हातांनी त्याला न विचारताच ठरवून टाकले होते.

आवाज मात्र टक् असा आला नाही. गोठलेल्या तळ्याचे बर्फ आतल्या आत फाटते तसा आला, आणि धनुष्य त्याच्या मुठीत जिवंत जनावरासारखे उसळले. त्याने ते उजेडात धरून वरखाली पाहिले. लाकूड तसेच होते. तांबूस, तेल पाजलेले, शांत. त्याने ते खुंटीला टांगले. मॅरेन आली, तिने दोरी उतरवली, धनुष्य लोकरीच्या खोळीत घातले आणि त्याला विचारले की संध्याकाळी सूप चालेल का. चालेल, असे तो म्हणाला.

आज सकाळी जनावरांचा कोंडा आणण्याचे निमित्त काढून तो वेन्डेलकडे गेला. दरीच्या तोंडाशी राहणारा हा म्हातारा धनुष्ये घडवतो. त्याच्याच कामाच्या खोलीत दोन हिवाळे खपून मॅरेनने हिकरीच्या चिवट लाकडाच्या एका अखंड फळीतून हे धनुष्य स्वतःच्या हातांनी तासून काढले होते. आर्डेलने आडवळणाने विषय काढला. एका ओळखीच्या माणसाच्या हातून असे असे झाले, म्हणाला. वेन्डेलने रंधा खाली ठेवला आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

"दोरीतलं बळ बाण घेऊन जातो," तो म्हणाला. "बाणच नसला तर ते बळ जाणार कुठे? परत लाकडात. तुझ्या त्या ओळखीच्या माणसाला सांग, कापूस घे आणि लाकडावरून हलका फिरव. जिथे चीर असेल तिथे धागा अडकेल. डोळ्याला दिसत नाही ते कापसाला कळतं."

आणि चीर असली तर, असे आर्डेलने विचारले तेव्हा वेन्डेलने पुढचे सारे एखाद्या डॉक्टरसारखे कोरड्या स्वरात सांगितले. पहिल्या ओढीला मोडेल की विसाव्या, हे कोणी सांगू शकत नाही. मोडते तेव्हा दोरी पूर्ण ओढलेली असते, म्हणजे लाकूड माणसाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते. उंचावर असताना मोडले तर बाकीचे सांगायला नको. ओळखीच्या माणसाला आजच सांग, असे म्हणून त्याने रंधा उचलला.

ते सकाळी दहाला. आता दुपारचे दोन वाजून गेले होते. पाचला मॅरेन आजचा एक बाण मारणार होती.

सांगायला किती शब्द लागतात, हे आर्डेल मनात मोजून पाहत होता. सहा-सात पुरे होते. पण त्या सहा-सात शब्दांच्या मागे दुसरे काही शब्द पंधरा वर्षांपासून उभे होते, आणि हे बाहेर पडले की त्यांच्या मागोमाग तेही येतील, अशी त्याला भीती वाटत होती.

त्या साली मॅरेन एकोणीस वर्षांची होती. बंदुकीच्या दिवसांतला दुसरा दिवस. तिचा मामा डेल्बर्ट आणि आणखी तिघे झाडीतून हाकारत येत होते, आणि शेताच्या दोन टोकांना आर्डेल आणि मॅरेन उभे होते. दहा टोकांच्या शिंगांचा नर मधूनच निघाला. दोन बार झाले, इतके लागोपाठ की दरीने त्यांचा एकच प्रतिध्वनी परत पाठवला. हरणाच्या अंगात भोक एकच होते. हाकारे धावत आले, कोणीतरी आर्डेलच्या पाठीवर थाप मारली, कोणीतरी ब्रँडी काढली, आणि कोणीही काही न विचारता ते हरीण त्याचे झाले. टोळीने शिकार केली तर कोणाचेही हरीण कोणाच्याही परवान्यावर चढवता येते. कायद्याने त्यात काही वावगे नव्हते. पण शिकारीच्या खोपटात भिंतीवर ती शिंगे लागली, आणि त्यांच्याखालच्या फळीवर तापल्या सळईने कोरलेले नाव आर्डेलचे होते. आपल्या गोळीने अ‍ॅस्पेनच्या झाडाच्या खोडाची साल उडालेली त्याने त्याच क्षणी पाहिली होती. मॅरेन त्याच्याकडे बघत राहिली होती, काहीतरी ऐकू येईल म्हणून. त्याने ब्रँडीचा घोट घेतला होता.

पुढच्या वर्षी ती खोपटावर आली नाही. अभ्यास आहे, म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी तिने धनुष्य हाती घेतले. एकटीने जायचे, एकटीने बसायचे, वीस पावलांच्या आत येईल त्यालाच मारायचे, आणि मारलेला बाण कोणाचा याविषयी कधी प्रश्नच उठू नये. आर्डेलने तिला कारण विचारले नाही, कारण विचारले असते तर तिने सांगितले असते.

मार्चमध्ये त्याच्या खुब्याचा सांधा बदलला तेव्हा ती शहरातली खोली सोडून सहा आठवड्यांसाठी म्हणून आली आणि मग राहिलीच. का राहिली, हेही त्याने विचारले नव्हते. सकाळी दोन कप टेबलावर दिसत, एवढे त्याला पुरत होते.

"उद्या वारा फिरेल असं वाटतंय," आर्डेल शेवटी म्हणाला. "दक्षिणेचा होईल. ओकच्या मचाणावर बसून काही उपयोग नाही."

मॅरेनने मान वर केली नाही. "वायव्येचा आहे. रविवारपर्यंत वायव्येचाच. तुझा खुबा दुखतो म्हणून वारा फिरत नाही, बाबा."

"तसं नाही. पण ते जुनं धनुष्य आहे ना तुझं, माळ्यावर, टोकांना चाकं असलेलं. ओढायला सोपं. पहिल्या दिवशी तेच न्यावं माणसाने."

आता तिने पाहिले. "वर्षभर मी त्याला हात लावलेला नाही. उद्या पहाटे अंधारात त्याची ओळख करून घेऊ?" मग थोडे थांबून, जरा मऊ आवाजात ती म्हणाली, "तुला काय झालंय? मघापासून ती एकच नळी पुसतोयस. भोक मोठं होईल."

त्याने हसल्यासारखे केले. ती दाराशी बसली होती ते उजेडासाठी नव्हे, बंदुकीच्या तेलाच्या वासापासून दूर राहण्यासाठी, हे त्याच्या आता ध्यानात आले, आणि त्याने तेलाची डबी बंद केली. गेला आठवडाभर या घरात वासांची हकालपट्टी चालली होती. बेकन तळायचे नाही. लाकडाची चूल पेटवायची नाही. रानातले कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन दोरीवर वाळत घातले होते. ते उतरवून ती ओकच्या पानांनी भरलेल्या डब्यात बंद करणार होती, म्हणजे उद्या तिच्या अंगाला माणसाचा नाही, रानाचा वास येईल. बंदुकीच्या दिवसांची तयारी म्हणजे वाढत जाणारी यादी असते: नारिंगी कोट, काडतुसे, पत्ते, सॉसेज, ब्रँडी, माणसे. बाणाची तयारी म्हणजे स्वतःला कमी कमी करत नेणे. आधी वास, मग आवाज, मग हालचाल, आणि अखेरीस बहुधा विचारही. मॅरेनला असे दिवसादिवसाने विरळ होत जाताना तो पाहत आला होता, आणि त्यामुळे तिच्याशी बोलणे आणखीच कठीण होऊन बसले होते, एखाद्या प्रार्थनेला बसलेल्या माणसाला हाक मारण्यासारखे.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. डेल्बर्टमामा होता. तो आपल्या पोटासह खाली उतरला आणि सिगार तोंडात धरून शेडकडे निघाला, तेव्हा मॅरेनने बसल्या जागेवरूनच हात वर केला.

"मामा, तिथेच थांब. कपडे वाळतायत."

डेल्बर्ट थांबला. त्याने सिगार विझवून खिशात ठेवला आणि कुंपणाला टेकून आर्डेलला म्हणाला, "दाजी, पोरीने माणसात राहणं सोडलंय बघ. आम्ही शिकार करून आल्यावरसुद्धा अंघोळ करत नाही, आणि ही जायच्या आधी करते. हरणाला भेटायला चाललीय की मारायला?"

"तुझा तो नारिंगी कोट एकदा धुतलास तर तुमच्या खोपटातल्या उंदरांचं भलं होईल," मॅरेन म्हणाली.

"त्या कोटाला पाणी लावलं त्या वर्षी आम्हाला एक हरीण दिसलं नाही. इतिहास आहे."

तो रायफलींचा नेम जुळवायचा दिवस ठरवायला आला होता. ऑक्टोबरचा तिसरा रविवार, त्याच्या शेतावर, जेवण त्याच्याकडे. ते ठरवून झाल्यावर, जायची घाई नसलेल्या माणसासारखा तो बोलत राहिला. थंडी लवकर येणार, मक्याची कापणी लांबणार, नदीपलीकडच्या एका पोराचे धनुष्य मागच्या महिन्यात हातातच फुटले. डोळ्याच्या खाली नऊ टाके, म्हणाला. बोटभर वर असते तर डोळा गेला असता. चूक कोणाची, असे मॅरेनने विचारले, आणि डेल्बर्टने खांदे उडवले. कोणीतरी जत्रेत ते हातात घेऊन रिकामेच ओढले-सोडले होते म्हणे.

"असल्या माणसाचे हात बांधून ठेवायला हवेत," मॅरेन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. वाईट हवामानाविषयी बोलावे तसे ती बोलली. आर्डेलने बाकाची कड धरली.

"म्हणून म्हणतो, बंदूक बरी," डेल्बर्ट म्हणाला. "या नोव्हेंबरला ये खोपटावर. एक खाट रिकामी आहे. तुझ्या बापाला चढ चढवत नाही, त्याला ढकलायलाही कोणीतरी हवं."

मॅरेनने मेणाचा खडा कागदात गुंडाळला. "खाट रिकामी असेल, मामा. पण तिथल्या भिंतीवर जागा नाही."

डेल्बर्टला ते कळले नसावे. भिंतीवर हवी तेवढी जागा आहे, तू हरीण तर आण, असे म्हणून तो हसला आणि ट्रककडे गेला. आर्डेलला कळले. पंधरा वर्षांत ती त्या शिंगांविषयी बोलली तेवढेच, आणि तेही दुसऱ्याशी.

ट्रक वळणाआड गेल्यावर मॅरेन उठली, हातमोजे घातले आणि कपडे उतरवायला घरामागे गेली. धनुष्य क्रेटवर राहिले.

आर्डेल घरात गेला आणि औषधांच्या डब्यातून कापसाचा बोळा घेऊन आला. धनुष्य गुडघ्यावर घेऊन त्याने कापूस वरच्या टोकापासून खाली आणला, घोड्याच्या मानेवरून हात फिरवावा तसा. कापूस सुरळीत आला. मुठीच्या चामड्यापाशी थांबून त्याने खालचा भाग घेतला. एक वीत गेली, आणि कापूस अडखळला.

अगदी जरासाच. एक पांढरा धागा लाकडावर उभा राहिला होता आणि दारातून येणाऱ्या वाऱ्यावर हलत होता. आर्डेलने डोळे जवळ नेले. लाकडात काहीच नव्हते, नुसता तो धागा. त्याने पुन्हा कापूस फिरवला. पुन्हा तिथेच.

बंदुकीतून झालेली चूक साऱ्या दरीला ऐकू जाते. ही चूक एका धाग्याएवढी होती आणि ती फक्त त्यालाच ऐकू आली होती. घरामागून कपडे झटकल्याचा आवाज आला. आता उठून कपड्यांच्या दोरीपाशी जावे, हातातला कापूस दाखवावा, एवढेच करायचे होते. तिचा उद्याचा दिवस जाईल. दोन हिवाळ्यांची मेहनत जाईल. असल्या माणसाचे हात बांधून ठेवायला हवेत, असे ती दुसऱ्यांदा म्हणेल, आणि या वेळी ते हवामानाविषयी नसेल. कदाचित ती काहीच म्हणणार नाही आणि सोमवारपासून टेबलावर एकच कप असेल.

पावले जवळ आली. आर्डेलने चिमटीने तो धागा उपटला, कापूस खिशात कोंबला आणि धनुष्य होते तसे क्रेटवर ठेवले.

असे आपण का केले, हे त्याला पुढचे दोन तास उमगले नाही. तो घरात जाऊन बसला, उठला, कॉफी केली, प्यायला विसरला. मॅरेन अंगणात डब्यात कपडे आणि पाने थरावर थर रचत होती. खिडकीतून ती दिसत होती, लहान मुलीसारखी उकिडवी बसलेली, आणि वाकलेल्या मानेवर ऊन. स्वयंपाकघरातले घड्याळ, ज्याच्या काट्यावर त्याने हजारदा रिकामी रायफल रोखली होती, त्याच्या डोक्यावर चालत होते. टक्. टक्. साडेचार वाजले. मी थांबवीनच, असे तो स्वतःला सांगत होता. मचाणावर चढायच्या आधी थांबवीन. मग पावणेपाचला त्याने स्वतःला सांगितले की दोरी चढवताना काही झाले नाही तर कदाचित ती चीर नसेलच, नुसता खडबडीतपणा असेल, आणि हा विचार सुचल्याबरोबर त्याला स्वतःची किळस आली. अ‍ॅस्पेनची साल उडालेली पाहून त्याने असेच काहीतरी स्वतःला सांगितले होते.

पाचला मॅरेन गोठ्यामागे गेली. गवताची जुनी गाडी तिथे उभी असते. मचाणाच्या उंचीवरून खाली नेम धरण्याची सवय राहावी म्हणून ती गाडीच्या फळ्यांवर उभी राहून बाण मारायची. वीस पावलांवर गवताच्या गठ्ठ्याला खोके बांधलेले होते. आर्डेल तिच्या मागे काठी टेकत आला. रोज यायचा नाही, म्हणून तिने एकदा वळून पाहिले, पण बोलली नाही. एक पाय धनुष्याच्या आत घालून तिने ते वाकवले आणि दोरी खाचेत बसवली. काही झाले नाही. ती गाडीवर चढली. रानातले जाकीट नव्हते तरी तिने जाकीट घातल्यासारखे खांदे सैल केले. बाण दोरीला लावला. मग ती स्तब्ध उभी राहिली, जणू खोक्याच्या जागी खरेच काहीतरी पानांतून पुढे येत होते आणि ते आणखी दोन पावले येण्याची ती वाट पाहत होती.

आर्डेलने तोंड उघडले. तिने धनुष्य उचलले आणि ओढू लागली.

ओढलेल्या धनुष्यामागच्या माणसाला कधी दचकवू नये, एवढे बंदूकवाल्यांनाही कळते. दोरी तिच्या छातीपर्यंत आली, खांद्यापर्यंत आली. आणि त्या निवांत उजेडात आर्डेलने ते ऐकले: टक्. फार बारीक. कोरडी शेंग उकलावी तसे.

"मॅरेन," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा शांत निघाला. "सोडू नको. हळूहळू पुढे जाऊ दे दोरी. अगदी हळू. तोंड बाजूला कर."

तिने तोंड बाजूला केले. तिचे हात, ज्यांनी आयुष्यात त्याचे पुष्कळ ऐकले होते आणि मग ऐकणे सोडले होते, या वेळी ऐकत होते. दोरी बोटाबोटाने पुढे गेली. धनुष्य ढिले झाले. ती बाण हातात घेऊन गाडीवर उभी राहिली.

"काल तू फोनवर होतीस," आर्डेल म्हणाला. "मी ते रिकामं सोडलं. कॅलेंडरवर. मला माहीत नव्हतं."

मॅरेन धनुष्याकडे पाहत होती. बोटांनी तिने खालचा भाग चाचपला, नख फिरवले, पुन्हा चाचपले. बोटांना काही सापडेना.

"घरातून कापूस आण," ती म्हणाली.

त्याने खिशात हात घातला आणि बोळा तिच्यापुढे धरला.

तिने तो लगेच घेतला नाही. त्या पांढऱ्या बोळ्याकडे ती पाहत राहिली, आणि तो तिथे कसा आला याचा सारा रस्ता तिच्या चेहऱ्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलेला आर्डेलला दिसला.

"कधी?" तिने विचारले.

"तू दोरीवरचे कपडे काढत होतीस तेव्हा."

"म्हणजे मामा गेल्यावर. तीन वाजता." तिचा आवाज सपाट होता. "अडकला होता?"

"हो. मी काढून टाकला."

तिने मान हलवली, जणू किंमत विचारली होती आणि उत्तर मिळाले होते. मग गाडीच्या कडेवर बसून तिने स्वतः कापूस फिरवला. मुठीखाली एका वितीवर धागा उभा राहिला. तिने तो काढला नाही. उतरायची घाई न करता तिने दोरी सैल केली आणि धनुष्य मांडीवर ठेवले. दोन हिवाळे, आर्डेलच्या मनात आले. तिच्या तळव्यांवरचे घट्टे त्याला इथूनही दिसत होते.

आता ते मागचे शब्द आलेच. त्यांना अडवायला पुढे काही उरले नव्हते.

"त्या वर्षीची ती गोळी," तो म्हणाला. "माझी अ‍ॅस्पेनला लागली होती. साल उडताना मी पाहिली. बर्फ वितळल्यावर जाऊन खोडातून ती उकरून काढली. माझ्या तेलाच्या डबीत आहे, अजून. हरणाच्या अंगातली तुझी होती." त्याला श्वास घ्यावा लागला. "मला वाटायचं, तुला नक्की माहीत नसेल. दोन बार एकदम झाले, कोणाला कळणार, असं वाटायचं. तुला माहीत होतं का, मॅरेन? त्या दिवसापासून?"

मॅरेन खाली उतरली. तिने न मारलेला बाण भात्यात घातला, भाता खांद्याला लावला. मग ती त्याच्याजवळ आली, इतकी जवळ की तिच्या केसांना साबणाचाही वास नाही हे त्याला जाणवले, आणि ते धनुष्य तिने त्याच्या दोन्ही हातांत ठेवले. त्याने ते धरले आहे याची खात्री होईपर्यंत तिने आपले हात काढले नाहीत. ज्याचे त्याच्या हातात; तिला त्या दिवसापासून माहीत होते, हे आर्डेलला त्यातच कळले.

नंतर ती वळली आणि रिकाम्या हातांनी मक्याच्या बांधावरून कड्याच्या दिशेने चालू लागली. आर्डेल तिथेच उभा राहिला. वारा वायव्येचा होता, आणि त्याच्या हातातल्या लाकडावर तो एक धागा हलत होता.